सुधन्वा बोलेपर्यंत चटणी बंद

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत गुरुसिद्धप्पांच्या दुकानासमोरून जाताना सर्दी झालेला माणूस बरा होतो आणि बरा असलेला शिंकतो. खोटं वाटत असेल तर पेठेत कुणालाही विचारा. सकाळी शेंगदाणा, लसूण आणि तिखट एकदा का उखळात पडलं, की समोरच्या घरातले पाहुणे आपला मुक्काम आपणच वाढवून घेतात. एका रिक्षावाल्यानं तर वास आल्याबरोबर रिक्षा लावली, मागं बसलेल्या गिऱ्हाइकाला साफ विसरला आणि दुकानाच्या पायरीवर भाकरी घेऊन बसला. गिऱ्हाईकही तक्रार करायला म्हणून उतरलं, ते त्यातली अर्धी भाकरी खाऊनच उठलं. तर अशा शेंगा चटणीच्या मालकानं, ऐन थंडीत, सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची जत्रा तोंडावर आलेली असताना, शेंगा चटणी सोडली. बरं, डॉक्टरनं सांगितलं म्हणून सोडली असती तर पेठेनं समजून घेतलं असतं. अप्पांनी सोडली ती टीव्हीतल्या एका पोराला तोंड उघडता येईना म्हणून.

त्या पोराचं नाव सुधन्वा, आणि मालिकेचं नाव 'खाली दुकान, वर बिऱ्हाड'. खाली सुधन्वाचं चष्म्याचं दुकान, वर मैत्रेयी भाड्यानं राहायची. सुधन्वाच्या मनात मैत्रेयी आणि मैत्रेयीच्या मनात सुधन्वा, ही गोष्ट त्या दोघांना सोडून सगळ्यांना माहीत होती. भाजीवाल्याला माहीत होती, इस्त्रीवाल्याला माहीत होती, जिन्याखाली झोपणारं कुत्रंसुद्धा दोघांना एकत्र बघितलं की उठून बाहेर जायचं. पण सुधन्वानं बोलायला तोंड उघडलं, की वर कुकरची शिट्टी व्हायची. कुकर नसला तर दिवे जायचे. दिवे असले तर मावशी यायची. ही मावशी कडी लावलेल्या दारातूनही आत येऊ शकत असे. आल्याबरोबर "अगंबाई, मी मध्येच आले का?" असं विचारी, आणि मागून न दिसणारी माणसं खदाखदा हसत. अप्पांचा सुधन्वापेक्षा त्या न दिसणाऱ्या माणसांवर जास्त राग होता. चार वर्षं झाली, तीच मावशी, तीच शिट्टी, आणि तुम्ही हसताय कसले?

अप्पांची या बाबतीत मतं होती, आणि ती त्यांनी चटणीसारखी कांडून कांडून पक्की केली होती. त्यांचं म्हणणं, विनोदी मालिकेत प्रेम हे चटणीतल्या लसणाइतकं असावं. हाय हे कळलं पाहिजे, पण दातात अडकता कामा नये. सुधन्वाबद्दल म्हणणं असं, की हा गडी दिवसभर लोकांना नंबर काढून देतो आन् याला समोर उभी राहिलेली बाई दिसत न्हाय. मैत्रेयीच्या मागं लागलेला पृथ्वीराज नावाचा दुसरा एक उमेदवार मालिकेत होता. तो मोटारीतून उतरायचा, हसायचा आणि पुन्हा मोटारीत बसायचा. त्याच्याविषयी अप्पा एवढंच म्हणत, "जो माणूस दिवेलागणीला काळा चष्मा घालतो, त्याच्याकडं मी बरणीचं झाकणबी लावायला देनार न्हाय."

समोरच्या दाक्षायणीबाईंचं मत नेमकं उलटं. त्या रोज मालिकेच्या वेळेला अप्पांकडेच येऊन बसत, कारण अप्पांचा टीव्ही मोठा आणि त्यांच्या बायकोचा, नागव्वांचा, चहा कडक.

"अप्पा, हे दोघं बोलूच नयेत," त्या म्हणत. "बोलले की लग्न, आणि लग्न लागलं की मालिका मेली. लग्नानंतर काय बघायचं? गॅसचा नंबर लावताना?"

"म्हंजे मानसानं जन्मभर मनात ठेवायचं?"

"मनात आहे तोवरच गंमत आहे की!"

"ह्याला गंमत न्हाय म्हणत, बाई. ह्याला बद्धकोष्ठ म्हणत्यात."

तिसरे प्रेक्षक चनबसप्पा. त्यांनी सगळी नोकरी कोर्टात कारकुनी करण्यात घालवली होती, त्यामुळे चार वर्षं निकाल लागला नाही याचं त्यांना काहीच वाटत नसे. "पुढची तारीख पडली," असं म्हणून ते रोज शांतपणे घरी जात.

हे असंच सुखात चाललं असतं. पण मालिकावाल्यांनी वेळ बदलली आणि ती नेमकी अप्पांच्या संध्याकाळच्या इष्टलिंगपूजेवर आणून ठेवली. आता पूजेची वेळ वाडवडिलांपासूनची, ती हलवता येत नाही. मालिकेची वेळ अप्पांच्या हातात नाही. मग हलवण्यासारखं राहिलं काय? पूजेचा पाट. तो रोज चार बोटं डावीकडे सरकत सरकत अशा कोनात येऊन बसला, की तळहातावरच्या इष्टलिंगावरून नजर उचलली की थेट सुधन्वाच्या दुकानात पडावी. नागव्वांनी दोनदा पाट सरळ केला. तिसऱ्यांदा नुसतं बघितलं आणि आत गेल्या.

आणि ती संध्याकाळ आली. मालिकेत गच्चीवर दोघंच. कुकर खाली, दिवे शाबूत, मावशी गावाला गेलेली. सुधन्वानं घाम पुसला. "मैत्रेयी," तो म्हणाला, "मला तुला..." पाटावर अप्पांचा श्वास अडकला. दाक्षायणीबाईंनी पदर तोंडाला लावला. सुधन्वानं तोंड उघडलं, आणखी उघडलं, आणि शिंकला. न दिसणारी माणसं हसली.

अप्पांच्या कपाळावरच्या विभूतीच्या तिन्ही रेघा एक झाल्या. "बास!" ते गरजले. "हा गडी तिला तोंडानं सांगत न्हाय, तोवर शेंगा चटणी मला वर्ज्य! इष्टलिंगाच्या साक्षीनं सांगतो!"

घरात असं काही सामसूम झालं, की टीव्हीतली माणसंसुद्धा हसायची थांबली. खरं तर जाहिरात लागली होती, पण त्या वेळी तसं वाटलं खरं. भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन नागव्वा बाहेर आल्या.

"काय बोललाव तुमी?"

आता काय बोललो ते अप्पांनाही ऐकू आलं. पूजेवर बसून दिलेला शब्द! तो कसा मागं घेणार? घेतला असता तर दाक्षायणीबाईंनी तो रात्रीची जेवणं व्हायच्या आत गावाच्या पूर्व भागापर्यंत पोचवला असता. मुलगा शिवकुमार दुकान बंद करून नुकताच वर आला होता, त्यानं कपाळाला हात लावला. अप्पांनी मात्र ऐट सोडली नाही. "काय घाबरू नकासा. उद्याच्या भागात हातात डबी घेऊन उभा दाखवलाय. अंगठीची डबी हाय. उद्या सुटतो की मी."

दुसऱ्या दिवशी डबी उघडली. तिच्यात मैत्रेयीच्या चष्म्याचा स्क्रू होता.

आता एका माणसानं चटणी खाल्ली नाही तर जगाचं काय अडतं, असं वाटेल. पण त्या दुकानाची एक रीत होती. पहिलं कांडप निघालं की नागव्वा चिमूटभर चटणी तीन बोटांवर घेऊन येत. कांडणाऱ्या बाईनं आधी स्वतः चाखायची नाही, हा त्यांच्या दुधनीच्या माहेरचा नेम. ती चिमूट अप्पा जिभेवर ठेवत, डोळे मिटत आणि मान एकदा हलवत. मगच पुडे भरायला घ्यायचे. मान दोनदा हलली तर मीठ वाढवायचं, असंही ठरलेलं होतं. पण ती दोनदा हललेली कुणी पाहिली नव्हती. लग्न होऊन नागव्वा या घरात आल्या तेव्हापासून हे असंच. आणि आता जीभच बंद!

ते काम शिवकुमारकडे आलं. हा मुलगा स्वभावानं इतका गरीब, की त्यानं दवाखान्यातल्या पेजेलासुद्धा 'छान आहे' म्हटलं होतं. त्यानं पहिलं कांडप चाखलं. "छान आहे." ते अळणी होतं. दुसरं चाखलं. "हेपण छान आहे." त्यात मीठ इतकं, की ते खाऊन एक मास्तर नळाखालीच बसले. तिसऱ्यात लसूण असा उसळला, की भवानी पेठेतल्या एका आजीबाई पुडा परत घेऊन आल्या. त्यांचा मुलगा पुण्याला. "चटणी पोचली तसा त्याचा फोन आला," त्या म्हणाल्या. "म्हणतो, आई, तू बरी आहेस ना? खरं सांग."

इकडे नागव्वांच्या उखळातला मुसळाचा आवाज बदलला, हे पेठेला ऐकू यायला लागलं. आधी तो ठाम असे. आता तो मध्येच थांबे, विचारल्यासारखा.

पेठ ही अशी, की कुणाच्या पायात काटा मोडला तर दहा माणसं सुया घेऊन येतात. चनबसप्पा म्हणाले, "गुरुसिद्धप्पा, वर्ज्य काय केलंय? चटणी. दाणे वर्ज्य आहेत? नाहीत. लसूण? नाही. तिखट? नाही. मग सुटं सुटं घ्या की! सकाळी दाणे, दुपारी लसूण, संध्याकाळी तिखट, वरून मीठ. पोटात गेल्यावर ते आपसात काय करतात, हा आपला विषय नाही."

अप्पांनी करून बघितलं. संध्याकाळच्या तिखटापर्यंत पोचले आणि टुणकन उठून अंगणात गेले. ते ज्या वेगानं रांजणाकडे धावले तो बघून समोरचा व्यायामशाळावाला पोरांना म्हणाला, "बघा, ह्या वयात!" आणि एवढं करून चव काही लागलीच नाही. उलट सगळी रात्र सुधन्वाला शिव्या देण्यात गेली.

मग शिवकुमारच्या बायकोनं सुचवलं, टीव्हीवाल्यांना फोन करा. अप्पांना ते पटलं. आपण मालिका बघतो, आपलं ऐकायला नको? फोन लावला. बाईचा आवाज आला, पॅकेजसाठी एक दाबा, चित्र दिसत नसल्यास दोन दाबा, भाषा बदलण्यासाठी तीन दाबा. लग्न लावण्यासाठी कुठलाच आकडा नव्हता. अप्पांनी सगळेच दाबले. शेवटी एक खरी मुलगी बोलायला आली.

"सर, आपली समस्या काय आहे?"

"सुधन्वा बोलंना."

"आवाज येत नाहीये का सर?"

"आवाज येतो की! मावशीचा येतो, कुकरचा येतो. हाच बोलंना."

"चित्र स्पष्ट आहे का सर?"

"चित्र स्पष्ट हाय, बाई. मानूस स्पष्ट न्हाय."

"मी आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. आमचा माणूस घरी येईल."

घरी येईल म्हटल्यावर अप्पांना वाटलं, मालिका लिहिणाराच येतोय. त्यांनी स्वच्छ टोपी घातली, नागव्वांना चहा टाकायला सांगितलं. आला तो पक्कड घेतलेला माणूस. आणि आला कधी? सुधन्वाच्या महाभागाच्या संध्याकाळी. आठवडाभर जाहिरात चालू होती, 'आज सुधन्वा बोलणार!' अप्पा नको नको म्हणत असताना तो माणूस गच्चीवर चढला आणि त्यानं टीव्हीच्या छत्रीला असा काही हिसका दिला, की मराठी वाहिन्या गेल्या त्या गेल्याच. पडद्यावर कुठल्या तरी देशातला एक माणूस बर्फाला भोक पाडून मासे धरायला लागला.

"आवाज क्लिअर आहे ना काका?" माणसानं विचारलं. "मग इथं सही करा."

"अरे, पण सुधन्वा?"

"ते वेगळ्या तक्रारीत टाकावं लागेल." आणि तो गेला. मागोमाग अप्पांच्या मोबाईलवर निरोप आला, आपली समस्या सुटल्याबद्दल अभिनंदन, कृपया पाच तारे द्या.

पेठेत चार पिढ्या मान राखून असलेल्या घरातल्या माणसाला त्या दिवशी टोपी घालून समोर दाक्षायणीबाईंच्या घरी जावं लागलं. त्यांनी प्लॅस्टिकचं स्टूल दिलं आणि पुढ्यात ताटली ठेवली. ताटलीत कडक भाकरी, दही आणि शेंगा चटणी.

"अय्यो!" दाक्षायणीबाई म्हणाल्या. "विसरलेच की मी!" विसरलेल्या माणसाचा चेहरा इतका खूश असतो, हे अप्पांना त्या दिवशी कळलं.

चनबसप्पाही येऊन बसले आणि महाभाग सुरू झाला. सुधन्वा बर्फाचा गोळा खातो आणि त्याचा आवाज बसतो. डॉक्टर सांगतात, कित्येक महिने एक शब्द बोलायचा नाही. दाक्षायणीबाईंनी टाळ्या वाजवल्या. अप्पा स्टुलावर गोठले. इतक्यात सुधन्वानं पाटी घेतली, खडू घेतला. "हां!" अप्पा उठून उभे राहिले. "लिही! लिही, माझ्या राजा!" सुधन्वानं लिहिलं, 'मैत्रेयी, माझं तुझ्यावर', आणि दार उघडलं. मावशीच्या हातात ओलं फडकं. "अगंबाई, किती मळली ही पाटी!"

पुसली.

"चनबसप्पा," अप्पांनी क्षीण आवाजात विचारलं, "हे धरायचं का?"

चनबसप्पांनी डोळे मिटले. "वाक्य अपूर्ण. अपूर्ण दस्तऐवज ग्राह्य धरत नाहीत. शिवाय पुरावा नष्ट झाला."

त्यातही आशा होती. आवाज बसलेला माणूस कधीतरी उठतोच. छत्री सरळ करून घेतली, मासेवाला गेला, सुधन्वा परत आला, अप्पा रोज त्याच्या घशाकडे डोळे लावून बसले. आणि एका शनिवारी, काही कारण नसताना, मालिकेतली सगळी माणसं जिन्यात गोळा झाली. मावशी, मैत्रेयी, काळा चष्मावाला, कुत्रंसुद्धा. सगळ्यांनी पडद्याकडे बघून हात हलवला. खाली अक्षरं आली, प्रेक्षकांचे आभार. मालिका संपली. सोमवारपासून या वेळेला नवी मालिका.

"हात हलवायला येतोय की रे तुला!" अप्पा ओरडले. "मग जीभ का हलंना?"

शिवकुमार हळूच म्हणाला, "अप्पा, टीआरपी पडला त्यांचा."

"पडू दे! मालिका पडली तरी माजा शब्द उबा हाय, त्याचं काय?"

खरंच, त्याचं काय? सुधन्वा आता कधीच बोलणार नव्हता. म्हणजे जन्मभर वर्ज्य. गड्ड्याला आठवडा राहिलेला. गावोगावची माणसं जत्रेला येणार, आणि 'गुरुसिद्धप्पांची चटणी' म्हणून पुडा मागणार. आणि त्या पुड्यात काय निघेल ते आता खुद्द गुरुसिद्धप्पांनाही ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी नागव्वा उखळापाशी नुसत्याच बसलेल्या दिसल्या. मुसळ आडवं होतं. "यंदा गड्ड्यासाठी कांडायचं न्हाय म्हणते मी," त्या म्हणाल्या. "हात राहिला न्हाय माजा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते दुधनीला गेले. तिथल्या मठातले स्वामीजी नागव्वांच्या माहेरचे गुरू. मठात रांग होती. कुणाचं दुखणं, कुणाची सोयरीक. अप्पांना आपलं गाऱ्हाणं सांगायची लाज वाटली.

"स्वामीजी, एक ओळखीचा मानूस हाय..."

"म्हंजे तूच की," स्वामीजी म्हणाले. "सांग."

मग अख्खी मालिका सांगावी लागली. दुकान, बिऱ्हाड, शिट्टी, स्क्रू. सांगता सांगता अप्पा उभे राहिले, मावशीचा आवाजही त्यांनी काढला. रांगेतल्या माणसांनी आपापली दुखणी बाजूला ठेवली. "मग पुढं?" एका म्हातारीनं विचारलं. पाटी पुसली म्हटल्यावर तिनं बोटं मोडली. स्वामीजी इतके हसले, की गळ्यातले रुद्राक्ष एकमेकांवर आपटायला लागले. मग डोळे पुसून ते एकदम गंभीर झाले.

"दुसऱ्याच्या जिभेला आपली जीभ बांधून आलास व्हय रे? ती सोडवायची तर आपलीच जीभ लागंल. लग्नाला किती वर्षं झाली?"

"नातवंडं शाळंत जात्यात."

"आन् त्या पोरानं बाईला जे सांगावं म्हणून तू भांडत होतास, ते तू घरात कधी सांगितलायस?"

अप्पांना प्रश्नच कळेना. "घरात? घरात काय सांगायचं? घरातच तर असतो की."

"तेच जाऊन सांग. शब्द चारचौघांसमोर बांधलास, सोडायचाबी त्यांच्याचसमोर."

अप्पांचा चेहरा विभूतीहून पांढरा झाला. "स्वामीजी, दुसरं काय तरी सांगा. अनवाणी चालतो. उपास धरतो."

"चालून चटणीची चव कळती का?" स्वामीजींनी पुढच्या माणसाला बोलावलं.

परतीच्या गाडीत अप्पा खिडकीकडे तोंड करून सराव करत होते. "माझ्या मनात तुझ्याबद्दल..." समोर मोठ्या मिशांचा एक ज्वारीचा व्यापारी बसला होता. त्यानं दोनदा अप्पांकडे बघितलं, मग पिशवी उचलली आणि पुढच्या डब्यात जाऊन उभा राहिला.

घरी आल्यावर अप्पांना वाटलं, आधी एकट्यात म्हणून बघावं. जीभ मोकळी होईल. नागव्वा भाकरी थापत होत्या. "नागव्वा," अप्पांनी घसा साफ केला, "मला तुला एक सांगायचं हुतं..." आणि कुकरची शिट्टी झाली. त्यांच्याच घरातल्या, त्यांनीच आणलेल्या कुकरची. तिसऱ्या शिट्टीपर्यंत अप्पांचा धीर वाफेबरोबर गेला. "काय न्हाय, गॅस बारीक कर म्हनलो," ते म्हणाले.

संध्याकाळी दुकानात दोघंच होते. तोंड उघडलं आणि दिवे गेले. अंधारात बोलणं उलट सोपं, असं मनाशी म्हणून अप्पांनी पुन्हा श्वास घेतला, तर दारातून मेणबत्ती आली आणि मेणबत्तीमागून दाक्षायणीबाई.

"अय्यो, मी मधेच आले का?"

अप्पांच्या अंगावर काटा आला. न दिसणारी माणसं आता हसतील म्हणून त्यांनी मागं वळूनसुद्धा बघितलं. त्या दिवसापासून सुधन्वाविषयीचं त्यांचं मत बदललं. चार वर्षं म्हणजे काही फार नव्हती. पोरगं घाईचंच म्हणायला पाहिजे.

पण गड्डा कुणासाठी थांबतो? शेवटी त्यांनी शिवकुमारला पाठवून चनबसप्पांना आणि दाक्षायणीबाईंना सकाळी दुकानात बोलावलं. कशाला ते सांगितलं नाही. दाक्षायणीबाई नवी साडी नेसून आल्या. चनबसप्पांनी कोर्टातला काळा कोट घातला होता. अप्पांच्या विनवणीवरून नागव्वांनी एकच कांडप काढलं होतं, ओठ घट्ट मिटून. मुसळ ठेवलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तीन बोटांवर चिमूट घेऊन त्या अप्पांसमोर आल्या. आल्यावर आठवलं. हात मागं घ्यायला लागल्या.

"थांब," अप्पा म्हणाले.

कुकर घरात होता, तो त्यांनी पहाटेच माळ्यावर टाकला होता. दिवसाउजेडी दिव्यांची गरज नव्हती. आणि मावशी समोरच स्टुलावर बसलेली होती, आता ती दारातून कुठून येणार? सुधन्वाच्या सगळ्या सबबी संपल्या होत्या. अप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"नागव्वा, मी रोज ही चव बघतो ना," ते उखळाकडे बघत म्हणाले, "ती मी बघतच न्हाय. कधीच बघितलो न्हाय. मीठ बरोबर हाय का, लसूण बरोबर हाय का, मला काय कळतंय? तुज्या हातचं बरोबरच असायचं. तू आलीस त्या पहिल्या दिवशी मान हलली ती तशीच. पन मी जर म्हनलो असतो की बघायची गरज न्हाय, तर तू चिमूट घेऊन माज्याकडं कशाला आली असतीस? दिवसभर गिऱ्हाईक, मागं पोरं, पावणे. तेवढंच एक तू माज्यासमोर येऊन उभी राहायचीस. सगळ्या सोलापूरच्या आदी मला मिळायचं. त्यासाठी मी सकाळ व्हायची वाट बघायचो." ते थांबले. टोपी पुन्हा एकदा सरळ केली. "आजबी बघतो. बास. एवढंच हुतं. झालं सांगून."

शिवकुमार पुड्यांच्या कागदाकडे बघत होता. दाक्षायणीबाईंचा पदर डोळ्यांना होता.

नागव्वांचे डोळे मात्र कोरडे होते. "गोत्तु री," त्या कानडीत म्हणाल्या. ठाऊक आहे हो, असं म्हणताना दुधनीच्या बाया ज्या सुरात म्हणतात त्याच सुरात. मग पुढं म्हणाल्या, "पन तुमची मान हलल्याबिगर माजा हात ठरत न्हवता. मीठ टाकू का नको, कळंनाच."

आणि तीन बोटं पुढं आली.

अप्पांनी चिमूट जिभेवर ठेवली. डोळे मिटले. दाणा आला, लसूण आला, तिखट आलं, आणि मागून मीठ आलं, ते जरासं कमी होतं. अप्पांची मान हलली. एकदा. मग जन्मात पहिल्यांदा, हळूच, दुसऱ्यांदा हलली.

नागव्वा खळखळून हसल्या. "आता बघितलाव खरं!" त्यांनी उखळात मीठ टाकलं, आणि मुसळाचा पहिला ठोका असा काही ठाम पडला, की समोरच्या घरातल्या पाहुण्यांनी बांधलेली बॅग सोडली.

चनबसप्पा कोट झटकत उठले. "प्रकरण निकाली," ते म्हणाले. "निकालाची प्रत म्हणून मला एक पुडा द्या."

"संपली मालिका!" दाक्षायणीबाई नाक पुसत म्हणाल्या. "आता तुमच्याकडं बघायला काय राहिलं?"

"गॅसचा नंबर लावताना बघा की," मुसळ न थांबवता नागव्वा म्हणाल्या.

गड्ड्यात त्या वर्षी चटणी कशी गेली ते काय सांगावं! पुण्याहून त्या मुलाचा फोन आला आणि त्यानं आईची तब्येत नाही विचारली, चटणीची विचारली. जत्रेतला उंच पाळणा वर गेला की वरची माणसं वाऱ्याच्या दिशेनं हुंगत, खाली आली की शुक्रवार पेठेचा रस्ता विचारत. अप्पा दुकानात टोपी तिरकी घालून बसत आणि कुणी काही विचारलं तर म्हणत, "मीठ मी बघतो."

पूजेचा पाट नागव्वांनी पुन्हा भिंतीकडे तोंड करून मांडला, पक्का. टीव्ही पाठीमागे. अप्पांनी तक्रार केली नाही. भिंतीवर सिद्धरामेश्वरांचा मोठा फोटो होता आणि त्याच्या काचेत मागचं सगळं उलटं का होईना, पण दिसत होतं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

नवी मालिका सुरू झाली. काचेत एक तरणा पोरगा आला. तो पावाच्या बेकरीत काम करत होता. समोर एक मुलगी आली. पोरानं तिच्याकडे बघितलं, आवंढा गिळला आणि तोंड उघडलं. तेवढ्यात बेकरीची घंटा वाजली आणि न दिसणारी माणसं हसली.

पाटावर अप्पांची पाठ ताठ झाली. विभूतीच्या तिन्ही रेघा कपाळावर गोळा व्हायला लागल्या. "हा गडी जोवर..."

पुढचा शब्द आला नाही. स्वयंपाकघरातून निघालेल्या नागव्वा दोन ढांगांत पोचल्या होत्या, आणि शेंगा चटणी लावलेला भाकरीचा भलामोठा घास अप्पांच्या तोंडात बसला होता.

अप्पा चावत राहिले. मीठ बरोबर होतं.